मच्छरदाणीचे चार तुकडे

शालनवहिनी गेल्याचं दादानं मला दोन शब्दांत सांगितलं. मंगळवारची सकाळ, मी साताऱ्यात गॅसवरच्या दुधाकडं लक्ष ठेवून उभी होते, फोन वाजला आणि तो म्हणाला, "शालन गेली." तरणेपण फौजेत घालवलेला माणूस, बातमी कशी द्यायची हे माझ्या भावाला कधी जमलंच नाही. दूध उतू गेलं, ते तसंच ठेवून मी सांगलीची एसटी धरली. कराड मागं पडेपर्यंत डोळ्यांत पाणी नव्हतं. डोक्यात एकच घोळत होतं, की अशी बातमी द्यायची वेळ वहिनीवर आली असती तर तिनं आधी मी जेवले का ते विचारलं असतं.

नऊच दिवसांपूर्वी, रविवारी, मी तिला भेटून आले होते. त्यांच्या सांगलीच्या घरात बाहेरच्या खोलीत साडेतीन फुटांची काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी आणि जिवंत प्रवाळ. टाकीवरच्या पत्र्याच्या झाकणात चार ट्यूब आहेत आणि दर वर्षी त्या बदलाव्या लागतात. त्या रविवारी शेवटची ट्यूब बदलायची होती. दादाचे गुडघे गेलेले, त्यामुळं स्टुलावर चढायचं काम कायम वहिनीचं. पण त्या दिवशी ती खुर्चीत बसून राहिली आणि म्हणाली, "या खेपेला तुमी करा वन्सं, मी हितनं सांगते." मी मोठ्या ऐटीत चढले. आधी बटण बंद, मग ट्यूब गार होईपर्यंत थांबायचं, मग ओल्या फडक्यानं टोकांवर साचलेलं मीठ पुसायचं, हात कोरडे करायचे, मगच नवी नळी खोबणीत सरकवून हलकेच फिरवायची. ती एकेक सांगत होती, मी करत होते, आणि तिचे गाल किती बसलेत हे मला दिसत असून दिसत नव्हतं.

वहिनी कवठे महांकाळकडची. तिच्या माहेरी घागर हिंदकळली तरी पोरींना बोलणी बसायची. लग्नानंतर दादाची बदली अंदमानात झाली आणि ही बाई पहिल्यांदा समुद्रापुढं उभी राहिली. तळाला काच असलेल्या होडीतून तिनं खालची प्रवाळं बघितली. तोवर पोवळं म्हणजे अंगठीतला लाल मणी एवढंच तिला ठाऊक. ते जिवंत असतं, हलतं, मिटतं, उमलतं हे बघून ती होडीतून उतरायलाच तयार नव्हती, असं दादा सांगायचा. तिथून काही उचलून आणायला बंदी, आणि आणलं असतं तरी जगलं नसतं. "रिटायर झाल्यावर घरात समुद्र करून देतो," असा शब्द दादानं दिला आणि खरंच पाळला. पुण्याच्या एका दुकानातून टाकीतच वाढवलेले बारके तुकडे आले. त्यांची लांबलचक इंग्रजी नावं वहिनीनं एका दिवसात मोडीत काढली. गोल-गोल, रांगेनं उमलणारी ती बटणं. पसरट, मऊ, जांभळट ती अळंबी. पाहुण्यांना ओळख करून द्यायची तीही याच नावांनी.

आणि एवढा तिचा जीव असलेली टाकी मी एकदा मारायला निघाले होते. ती दोघं शिराळ्याला लग्नाला गेली होती चार दिवस, राखणीला मी. एका ट्यूबची टोकं काळी पडलेली बघितली. कपाटावर चार नव्या कोऱ्या ट्यूब ठेवलेल्या होत्या. म्हटलं, वहिनी परत येईपर्यंत टाकी लख्ख करून ठेवू. चारीच्या चारी बदलल्या, काचही घासून काढली. खोली अशी उजळली की मी स्वतःवरच खूश होऊन समोर खुर्ची टाकून चहा घेतला. दुसऱ्या दिवशी बटणं उमललीच नाहीत. तिसऱ्या दिवशी अळंबी फिकट दिसायला लागली, आणि चौथ्या दिवशी, वहिनी रिक्षातून उतरली तेव्हा, ती पांढरीफटक होती. तीस वर्षं पोरींना शिकवलेली मी बाई दारातच रडायला लागले.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. पिशवी खाली ठेवली, परसात टाकलेल्या जुन्या ट्यूब उचलून आणल्या, तीन परत बसवल्या, नवी एकच ठेवली. मग कपाट उघडून दादाची फौजेतली जुनी मच्छरदाणी काढली, कात्रीनं तिचे चार सारखे तुकडे केले आणि एकावर एक टाकीच्या तोंडावर अंथरले. दादा नुसता बघत राहिला, कारण काठावर त्याचा नंबर घातलेली ती मच्छरदाणी तो कुणाला हात लावू देत नसे. मग वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. जुनी ट्यूब रोज इवली-इवली मंद होत जाते, आपल्या डोळ्याला कळतही नाही, पण यांना त्या मंद उजेडाची सवय होऊन गेलेली असते, असं तिनं मला समजावलं. "त्यास्नी उजेड पायजेच की वन्सं," ती म्हणाली, "पर एकदम नगं. एकदम दिला की भाजत्यात." सगळी अळंबी विरघळून गेली. दगडाच्या सावलीत होती ती नखाएवढी एकच वाचली. आज टाकीत आहे ती सगळी अळंबी त्या एकीचीच.

तेव्हापासून ते चार तुकडे तिच्या कामात कायमचे आले. एका वेळी एकच ट्यूब बदलायची, तुकडे अंथरायचे आणि दर रविवारी एक थर काढायचा. मग पुढची ट्यूब. या कामात महिनेच्या महिने जात. दुकानदार एलईडी घ्या म्हणून मागं लागायचा, दादाही कंटाळायचा, पण ही हसून सोडून द्यायची. मीही चिडवायचे, की वहिनी, एवढ्या वेळात लग्न ठरून सूनमुखसुद्धा उरकतं.

माझ्याशी ती असंच वागतेय, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला फोनवर म्हणाली, पित्त झालंय. पंधरा दिवसांनी म्हणाली, मिरजेला दाखवलं, खडा निघालाय बारका. मी म्हटलं, खडाच ना, काढून टाक, आणि शाळेतल्या जुन्या मैत्रिणींबरोबर दक्षिणेच्या सहलीला निघून गेले. दहा दिवस. तिकडून तिला देवळांचे फोटो पाठवत होते आणि ती प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होती. परत आल्यावर म्हणाली, खडा नव्हे, गाठ हाय, पर घाबरू नगा, औषध चालू केलंय. दर खेपेला थोडं-थोडं, मला पचेल एवढंच. मीही वेडी, दर खेपेला तेवढंच धरून बसले...

ती गेल्यावर पाचव्या दिवशी दादाच्या तोंडून निघालं. पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, फार दिवस नाहीत हेही. म्हणजे मी कन्याकुमारीला समुद्राचे फोटो काढत होते तेव्हा तिला ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. माझा तोल गेला. घरात दुखवट्याला आलेली माणसं होती, त्यांच्यादेखत मी दादावर ओरडले, की मी काय तुमच्या टाकीतली अळंबी हाय का, मला का नाही सांगितलं? ते दहा दिवस मी तिच्या पायाशी बसले असते. मला ते दहा दिवस परत पाहिजेत, असंही काहीबाही बोलले. माणसं उठून बाहेर गेली.

दादा मान खाली घालून म्हणाला, "तिनं शपथ घातली हुती. म्हणली, वन्संना एकदम सांगू नगा. त्या लय कोसळत्यात." मग भिंतीचा आधार घेत उठला, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ट्यूब बदलल्यानंतरचे चार रविवार वहिनीनं शाईनं गोल करून ठेवले होते. पहिल्या गोलाखाली लिहिलं होतं, 'मी'. तो थर तिनं स्वतः काढला होता, जायच्या दोन दिवस आधी. पुढच्या तिन्ही गोलांखाली, तिच्या त्या बोटभर मोठ्या अक्षरात, 'वन्सं'.

दुसरा गोल त्याच दिवसाचा, मी दादावर ओरडले त्या रविवारचा होता.

मला स्टुलावर का चढवलं होतं ते तेव्हा कळलं. एवढ्या मोठ्या घोटाळ्यानंतरही टाकी तिनं माझ्याच हवाली केली होती. दादानं स्टूल आणून ठेवलं, मी चढले आणि दुसरा तुकडा काढला. त्याच्यापुढच्या रविवारी साताऱ्याहून जाऊन तिसरा. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो खोटा आहे असं मी इथं लिहिणार नाही. ते दहा दिवस मला हवे होते. तिनं आपल्या परीनं मला भाजू दिलं नाही, पण मी भाजायचं ते भाजलेच वहिनी, फक्त तुझ्यामागं.

गेल्या रविवारी शेवटचा थर. स्टुलावर चढले आणि हात उचलेना. हा तुकडा निघाला की कॅलेंडरवरचं तिनं लिहिलेलं संपणार, पुढच्या रविवारी माझ्या नावानं काही नाही. दादाला म्हटलं, राहू दे का अजून एक आठवडा? तो खालून स्टूल धरून उभा होता. म्हणाला, "काढ बाय. लय दिस ठेवलं तर त्यास्नी आंधाराचीच सवय हुती." हे वाक्य त्याचं नव्हे, तिचंच. मी तुकडा काढला. सरळ उजेड पडला तशी अळंबी जरा आक्रसली. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. जेवायच्या वेळेपर्यंत ती पुन्हा पसरली, बटणंही एकेक करून सगळी उघडली, आणि दादा टाकीकडं तोंड करून हमसून-हमसून रडला. शालन गेल्यापासून तो पहिल्यांदा रडत होता.

निघताना त्यानं सांगितलं, तुकडे धुऊन कपाटात ठेव, पुढच्या साली लागतील. मी तीन धुऊन, वाळवून ठेवले. चौथा, काठावर त्याचा नंबर असलेला, मिठानं कडक झालेला, तसाच घडी करून माझ्या पिशवीत घातला. आता तो साताऱ्यात माझ्या उशाशी आहे. दादाला अजून सांगितलेलं नाही... सांगेन, एकदम नाही.