लॉट नंबर एक, पार्टी गणपती

फुकट वस्तूवर सुरतेत कोणी विश्वास ठेवत नाही, हे नवागामच्या खानदेशी वस्तीत जन्मून तिथेच लहानाची मोठी झालेल्या मला तरी कळायला हवं होतं. पण मी नुकतीच नोकरी सोडली होती आणि डोक्यात वारं शिरलं होतं. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या शेठसमोर बसून मी तावातावाने सांगत होते, की धंदा सांभाळायचं हे सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, कोणीही उतरवून घ्यावं, आपल्याला हवं तसं बदलावं, मोल द्यायचं ते फक्त माझ्या मेहनतीचं. शेठनी बशी खाली ठेवली.

"मफतमां कोण आपे, बेन? एमां कंईक तो हशे." त्यांना त्यात काहीतरी गोम दिसत होती.

तीन बैठका झाल्या तेव्हा कुठे शेठ तयार झाले, तेही अट घालून. दिवाळीनंतर लाभपांचमेला सुरतेतले धंदे नव्याने उघडतात, त्या मुहूर्तावर कंप्यूटर सुरू करायचा. तिथून देवदिवाळीपर्यंत, म्हणजे इथल्या हिशेबाने कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, दहा दिवस कंप्यूटर आणि रजिस्टर दोन्ही चालवायची. दहाव्या दिवशी मिलच्या माणसांनी माझा हात न लागता काम करून दाखवायचं, आणि मग काकांना विचारायचं. काका हो म्हणाले तर कंप्यूटर. ना म्हणाले तर रजिस्टर, आणि मी माझ्या घरी.

काका म्हणजे गोडाऊनचे प्रमुख. व्यापारी रंगवायला पाठवतो ते कोरं कापड काका उतरवून घेत, त्याच्या ताग्यांचा लॉट बांधत, नंबर देत आणि रंगून आलं की रवाना करत. धुळ्याकडून तरुणपणी आलेला माणूस. कोणता लॉट कोणत्या मशीनवर आहे हे रजिस्टर न उघडता सांगायचा. मी अहिराणीत बोलले तर विरघळतील असं मला वाटलं होतं. विरघळले, चहा पाजला, घरची चौकशी केली, आणि कीबोर्डला मात्र बोट लावलं नाही. "तू टाक बेटा, मी सांगस," एवढंच. ते सांगत, मी टाइप करी. माझं पहिलं स्वतंत्र काम या माणसाच्या एका शब्दावर टांगलेलं होतं, आणि हा माणूस कीबोर्डकडे झोपलेल्या विंचवाकडे बघावं तसा बघत होता.

लाभपांचमेला कंप्यूटरला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फुटला, आणि पहिली नोंद करायची वेळ आली. हिशेबाच्या नव्या चोपड्यात पहिलं नाव देवाचं, ही तिथली रीत. शेठनी पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, रकान्यात स्वतःच्या बोटांनी 'श्री गणेश' लिहिलं. माल सव्वा मीटर, कारण शुभ काम सव्वाचं. लॉट नंबर एक. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि मी, पेढ्याने तोंड भरलेलं असताना, ती नोंद पक्की केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

आता हे सांगायला हवं, की शेठना पटवताना मी छाती ठोकून म्हटलं होतं, एकदा नोंद पक्की झाली की ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही. आणि सात दिवसांत रवाना न झालेला लॉट लाल अक्षरांत यादीच्या माथ्यावर येईल, हीही माझीच हुशारी. आठव्या दिवशी सकाळी आम्ही कंप्यूटर उघडला तर लाल अक्षरांत एकच ओळ. लॉट एक, पार्टी श्री गणेश, माल सव्वा मीटर, उशीर एक दिवस.

"गणपतिनो माल लेट?" शेठ उभेच राहिले.

मी म्हटलं, घाबरू नका, नोंद पुसता येत नाही पण रद्द करता येते. रद्द केली की तिच्यावर लाल शिक्का बसतो, बाकी काही नाही. शेठचा चेहरा बघून मला पुढचं वाक्य गिळावं लागलं. काकांनी तर कपाळालाच हात लावला. "हाऊ देवना लॉट शे, बेटा. देवना लॉट रद्द करतस का कोठे?"

मला राग आला, साफ सांगते. मशीनवर हजारो मीटर कापड वेळेवर रंगत होतं, एकाही लॉटचा घोळ नव्हता, आणि माझं काम अडलं होतं ते प्रत्यक्ष विघ्नहर्त्यापाशी. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक चावडी आहे. कुठल्याही देशातला माणूस तिथे प्रश्न टाकतो आणि कुठल्याही देशातला माणूस उत्तर देतो. मी इंग्रजीत प्रश्न टाकला. पहिलं उत्तर आलं, रद्द करा. मी लिहिलं, ही पार्टी अशी आहे की तिची ऑर्डर रद्द करता येत नाही. दुसऱ्याने विचारलं, एवढी मोठी पार्टी कोण? मी लिहिलं, देव. मग एकाने अगदी गंभीरपणे लिहिलं, की त्याने सगळा कोड वाचलाय आणि देवासाठी वेगळी सोय त्यात कुठेही नाही. आणि त्याच्याखाली, कुठल्यातरी थंड देशातल्या एका बाईने एक ओळ टाकली होती. पार्टी खरी आहे ना? मग माल पोचवा.

मी खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचले. पोचवा! एवढं साधं! त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

तिथून मिलमध्ये जे सुरू झालं ते लग्नघराला लाजवेल असं होतं. डाइंग मास्तर म्हणाले, एवढ्याशा तुकड्यासाठी मोठं मशीन कसं लावणार, लॅबमध्ये रंगवू. पण पार्टीने शेड, म्हणजे छटा, पास केल्याशिवाय मी रंगाला हात लावत नाही, हेही त्यांनी बजावलं. म्हणून तीन छटांचे तीन चिंधीएवढे नमुने मिलजवळच्या वस्तीतल्या गणपतीच्या देवळात गेले. पुजारीबाबांनी ते मूर्तीपुढे मांडले, डोळे मिटले आणि शेंदरी उचलला. मास्तरांनी त्या नमुन्यामागे तारीख टाकून पुजारीबाबांची सही घेतली, कारण नंतर पार्टी म्हणते आम्ही हा रंग सांगितलाच नव्हता. काकांनी कापड कापलं ते सव्वापेक्षा चांगलं चार बोटं जास्त. मी विचारलं तर म्हणाले, रंगलं की आटतं, देवाला काय आखूड देऊ? कंप्यूटरला हे ठाऊक नव्हतं. मी गुपचूप कोणतं कापड किती आटतं ते त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि लॉटच्या पानावर त्यासाठी एक रकाना वाढवला.

देवदिवाळीला सकाळी, ठरल्याप्रमाणे, मी कंप्यूटरमधले माझे स्वतःचे अधिकार काढून घेतले. आता मला सगळं दिसत होतं, करता काहीच येत नव्हतं. शेंदरी कापड ताटात, ताटावर फुलं, पुढे शेठ, मागे मास्तर, काका आणि मी, अशी वरात गेटवर आली. वॉचमनने हात आडवा केला.

"शेठजी, गेटपास?"

शेठ हसले. वॉचमन हसला नाही. कंप्यूटरवर पास निघाल्याशिवाय चिंधीही बाहेर जाता कामा नये, हा हुकूम दहा दिवसांपूर्वी खुद्द शेठनीच त्याला दिला होता, आणि तो बिचारा हातातल्या फोनवर पास शोधत होता.

सगळे माझ्याकडे वळले. अधिकार परत उघडणं मला दोन मिनिटांचं काम होतं, खोटं कशाला बोलू. बोटं शिवशिवत होती. तिकडे आरतीची वेळ होत आली होती, इकडे शेठ स्वतःच्या मिलच्या गेटवर ताट धरून उन्हात उभे. पण उघडले असते तर मिल माझ्या हातानेच चालते हे मीच सिद्ध केलं असतं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हटलं, "काका, रवाना करायचा अधिकार आता फक्त तुमचा. तुम्ही नोंद केलीत की पास निघेल."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग शेठकडे. मग वळले आणि गोडाऊनकडे चालू लागले. गेले ते रागाने की कामाने, मला कळेना. मी मागे जाऊ शकत नव्हते, गेले असते तर हात पुढे आलाच असता. शेठनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. मास्तरांनी घड्याळ बघितलं. मी मनातल्या मनात एकेक अक्षर दाबत होते, हे बटण, आता ते, आता खाली, खाली, काका!

वॉचमनच्या फोनने टुंग केलं.

त्याने पास वाचला, ताटावरची फुलं सारून कापड तपासलं, आणि मग कडक सलाम ठोकून बाजूला झाला. मी किंचाळले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. काका धापा टाकत परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचं एकच बोट अजून ताठ होतं.

देवळात पुजारीबाबांनी पोच म्हणून सही केली, कापड गणपतीच्या खांद्यावर घातलं, आणि यादीतली लाल ओळ गेली. आरती झाल्यावर शेठ प्रसाद चघळत शांतपणे काकांना म्हणाले, "बोलो काका. शुं राखवुं छे? रजिस्टर के कंप्यूटर?"

टाळ्या, घंटा, सगळं थांबलेलं.

"एन्ट्री तो में करी छे, शेठ," काका म्हणाले. "हवे केम भूंसाय?" पुसता येत नाही, हे माझंच वाक्य आता काकांच्या तोंडी होतं.

आणि माझ्याकडे वळून, प्रसादाने चिकट झालेलं तेच बोट पुढे करत, "चाल बेटा, आते दुसरा लॉट कसा टाकतस ते दखाड."