सासऱ्यांसाठी ठेवलेली मागची सीट

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव ‘पायलट साहेब’ म्हणायचं आणि मला सासरे ‘बल्बवाले जावई’ म्हणायचे. दोन्ही पदव्या त्यांनीच वाटलेल्या.

तरुणपणी ते हवाईदलात होते, एवढं खरं. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकावं. पंख्याच्या लढाऊ विमानात बसून त्यांनी म्हणे आभाळात कोलांट्या मारल्या होत्या. “जमीन डोक्यावर, आभाळ पायाखाली, अन् मी मधात सुपारी चघळून राहिलो,” हे वाक्य आमच्या सासरवाडीत पाठ नसलेलं माणूस नव्हतं. या एका वाक्यावर दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या नाटकांच्या गावजत्रेत, सरपंचाच्या शेजारची गादीची खुर्ची त्यांची असे आणि नाटकाची फीतही तेच कापत.

त्याच गावाच्या शिवेवर इंग्रजांनी युद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. तिथं मी इलेक्ट्रिशियन. मंडईला पाहुणे जमले की सासरे माझी ओळख करून द्यायचे, “हे आमचे जावई. इमानाच्याच लाईनीत आहेत. मी इमान उडवलं, हे बल्ब बदलून राहिले.” पाहुणे हसायचे. एका वर्षी तर नवाकोरा सफारी घातलेला असताना त्यांनी मला मंडपाच्या खांबावर चढवलं, कारण एक ट्यूब लुकलुकत होती. बाकीचे जावई खाली उडदाचे वडे खात होते आणि वर बघून मला ट्यूब दाखवत होते.

अशा सहा मंडया मी हसून काढल्या. सातव्या वर्षी, दोन हजार आठच्या दिवाळीनंतर, माझ्या नशिबानं आभाळातून एक विमान पाठवलं.

जुनं, पंख्याचं, पुढं एक आणि मागं एक अशा दोन सीटचं लढाऊ विमान. एका हौशी, निवृत्त अधिकाऱ्यानं ते दुरुस्त करून घेतलं होतं. कुठल्याशा कसरतींच्या कार्यक्रमाला जाताना इंजिनातून तेल गळायला लागलं म्हणून तो आमच्याकडे उतरला. दोन दिवस मी त्याची बॅटरी चार्ज करून दिली, वायरी जोडून दिल्या. खूश होऊन तो म्हणाला, “कल टेस्ट के लिए ऊपर जाऊँगा. एक आदमी को घुमा दूँगा. तू चल.”

“मी नको साहेब,” मी म्हणालो. “माझे सासरे न्या. त्यांना सवय आहे. चांगल्या कोलांट्या मारा, त्यांना हलकं चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी मंडई होती, मंडप धावपट्टीच्या कुंपणाला लागूनच. मंडपाचा माईकही माझ्याच हवाली. मी ऑफिसातला वायरलेस सेट खिडकीत ठेवला, त्याच्यापुढं माईक बांधला आणि मागच्या सीटवरचं बोलायचं बटण काळी टेप गुंडाळून दाबून ठेवलं. म्हणजे वर सासऱ्यांनी जे काही ओरडावं, ते खाली चार भोंग्यांतून सगळ्या मंडईनं ऐकावं. इतकं नीट वायरिंग मी नोकरीत कधी केलं नव्हतं.

मग भर मंडपात मी जाहीर केलं, “आज पायलट साहेब पुन्हा उडणार!”

टाळ्या पडल्या. सासऱ्यांचा चेहरा ओल्या धानासारखा झाला. मी मनात म्हटलं, आता बोला, छातीत दुखते म्हणा, गुडघा म्हणा. गावासमोर नाही म्हणा एकदा. ते खुर्चीतून उठले, दुपट्टा खांद्यावर सारखा केला आणि म्हणाले, “जावई हजर असताना सासरा आधी बसन? आपल्याकडं अशी रीत आहे का जी? पह्यला मान जावयाचा.”

“हो जी! बरोबर आहे!” सरपंच म्हणाले. सगळी मंडई म्हणाली. कोणीतरी माझ्या गळ्यात हारही घातला. जावयाला मान घ्यायला नाही म्हणता येत नाही. मी नुकतंच मटण जेवलो होतो, तेही दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं.

मला सीटमध्ये कोंबलं तेव्हा पट्टे बांधायला सासरे स्वतः पंखावर चढले. त्यांचे हात बघून मी गार पडलो. घरी शर्टाचं बटण सासूबाईंकडून लावून घेणारा माणूस, पण इथं खांद्याचे दोन, कमरेचे दोन, बकल खट्. मग प्रत्येक पट्ट्याला दोन हिसके. मी कण्हलो. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

“वर जाऊन राहिले म्हणून सांगतो. मी कधी उडलो नाही, बापू. अठरा वर्सं दुसऱ्यायचे पट्टेच आवळले. हे तुमच्या-माझ्यात.” आणि मग प्रेमानं, “दात घट्ट ठेवजा. जीभ तुटते.”

इंजिन सुरू झालं, त्याबरोबर रेडिओही. टेप काढायची आठवण मला झाली नाही. मला त्या वेळी माझं नावही आठवत नव्हतं.

धावपट्टी संपली, झाडं खाली गेली, बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी आरशाच्या तुकड्यासारखं चमकलं. इथवर छान होतं, हे मी कबूल करतो. मग पुढून आवाज आला, “रेडी?” आणि विमानानं नाक खाली घालून वेग घेतला, मग वर ओढलं. माझे गाल कॉलरवर आले. कोणी छातीवर धानाचं पोतं ठेवावं, त्यावर दुसरं, त्यावर हमाल बसावा, तसं झालं. डोळ्यांपुढं राखाडी. मग एकदम सगळं हलकं झालं. मी वर बघितलं तर वर जमीन. बोडी डोक्यावर, कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे छताला टांगलेले, मंडईचा रंगीत मंडप चॉकलेटच्या कागदाएवढा. पाणी सांडत कसं नाही, एवढाच विचार आला.

तिथून खाली आल्यावर वाटलं, सुटलो. तर पायलट विमान आडवं लोळवायला लागला. आम्ही उलटे असताना त्यानं विमान क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मटण खाली पडायचं सोडून काचेच्या झाकणावर गेलं. सुलटे झालो तेव्हा ते माझ्याकडे परत आलं.

तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते मला नंतर गावानं शब्दशः सांगितलं, अजूनही सांगतात.

“मले उतरवा! मामाजीनं फसवलं! थे कधी उडलेच नाहीत! पट्टे आवळत होते थे! खोटारडा म्हातारा! त्याले आणा वर, मले उतरवा!”

चारही भोंगे. वायरिंग उत्तम झालं होतं.

उतरल्यावर पायलटनं आधी मागं वळून टेप पाहिली. “ये किसने चिपकाया? पूरे टाइम मैं रेडिओ पर अंधा था!” मग माझ्या तोंडाकडं बघून त्याला उत्तर मिळालं असावं. तो जमिनीवर थुंकला आणि चालू लागला.

मला बकल सुटेना. लोक पळत आले. मी डोळे मिटून घेतले, आता हसतील. हसले. पण माझ्याकडं बघून नाही.

“काऊन जी पायलट साहेब,” सरपंच म्हणाले, “सुपारी कुठं चघळली मंग? पंखाखाली उभं राहून?”

कोणीतरी ऑफिसच्या खिडकीतला माईक सोडून घेतला. “साहेब, माया पायजम्याची नाडी ढिल्ली आहे, आवळून देता का?”

मंडप फुटला. म्हाताऱ्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. आणि मी, अंगभर मटण, गळ्यात हार, मीही हसलो. मोठ्यानं हसलो. ते मला हसत नव्हते याचा इतका आनंद झाला होता.

सासरे तेवढ्या गलक्यात पंखावर चढले. माझ्याकडं न बघता त्यांनी एका झटक्यात बकल सोडलं, दुपट्ट्यानं माझं तोंड पुसलं आणि तो दुपट्टा माझ्याच मांडीवर टाकून उतरले. त्या दिवशी फीत कोणी कापली, मला आठवत नाही. त्यांनी नाही.

घरी बायकोनं एकच विचारलं, “झालं समाधान?”

पुढच्या मंडईला मला रीतसर निमंत्रण आलं. सरपंचाशेजारी नवी खुर्ची होती, तिच्यावर खताच्या दुकानाचा मालक. सासरे सतरंजीवर, खांबाला टेकून. धाकट्या मेहुणीचा नवरा नवा होता, त्यानं भाबडेपणानं विचारलं, “मामाजी, तुम्ही विमान उडवायचे ना?”

“मी नाही जी. हे उडले,” ते माझ्याकडं हात करून म्हणाले. “यायले विचारा.” सगळे माझ्याकडं वळले आणि मी सांगितलं. बोडी डोक्यावर, पुंजणे छताला, सगळं रंगवून. मटण गाळलं. सासरे ऐकत होते. त्यांनीही मटण मधे आणलं नाही.

निघताना सासूबाईंनी पोह्यांचं बोचकं दिलं. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर ते बांधायला सासरे आले. दोरी खालून घेतली, वरून घेतली, गाठ मारली. मग दोन हिसके. मी म्हटलं, “मामाजी...”

“जा जी,” ते म्हणाले. “ऊन होते.”

फुलचूरला घरी येईपर्यंत रस्त्यात खड्डे खूप लागले. बोचकं जागचं हललं नाही. गाठ मात्र मला सुटेना, शेवटी दोरी कापावी लागली.