काळा गूळ आणि ग्रीक खांब

रशीदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिक्की कापत होतो. सुरी थांबली... आणि खरं सांगतो, पहिला विचार आला तो खांबांचा.

लोणावळ्यात माझ्या दुकानासमोर गोऱ्यांच्या काळातल्या एका बंधुमंडळाची जुनी लॉज, म्हणजे त्यांचं सभागृह, आहे. दर्शनी बाजूला ग्रीक देवळासारखे चार उंच दगडी खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, आत काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. आणि खिडक्या? सगळ्या खोट्या, भिंतीत नुसत्या उठवलेल्या! सभासद पुण्याहून महिन्यातून एकदा येत, दार लावून घेत, आत काय करत ते सांगत नसत. म्हणून गाव तिला जादूघर म्हणे. चाचा तिथले राखणदार, मागच्या खोलीत राहायचे. कुणी खांबाला टेकलं की ओरडायचे, "ए, हात न्हाई लावायचा!" दगडाला हात लावल्यानं काय होतं? तेव्हापासून मला संशय.

त्यात दर दिवाळीनंतर ते माझ्याकडून काळा गूळ मागवत. तो चिक्कीला लागत नाही. कशाला लागतो ते मावळात शेंबडं पोरही सांगेल. फार वर्षांपूर्वी एकदा मी कुंपणावरून डोकावलो. दोन पिंपं, वर गोणपाट, आणि आंबूस वास... हातभट्टी! असल्या देखण्या इमारतीत! मी इतका खूश झालो की थेट मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला.

ते आले आणि एवढंच म्हणाले, "खोली आजच रिकामी करा."

चाचांनी गोणपाट काढलं. "आदी चाखा साहेब. मग काढा मला."

साहेबांनी बोट बुडवून चाटलं, आणि चेहरा असा काही केला... हिरडा! गुळाच्या पाण्यात भिजत घातलेला. दुसऱ्या पिंपात चुना.

"खांब दगडाचे न्हाईत," चाचा हळूच म्हणाले. "आत वीट हाय, वर चुन्याचा गिलावा. ह्या गुळ-हिरड्याच्या पाण्यानं चुना घट्ट धरतो. पावसानं उतरला की नवा चढवतो, अन् दगडाच्या सांध्यागत रेघा मारतो. माझा बाप बी हेच करायचा."

एवढं गुप्त मंडळ, पण स्वतःच्या घराचं हे गुपित त्यांनाच ठाऊक नव्हतं!

खोली वाचली. चाचा माझ्याकडं वळले. "शेट, गुळातलं लय कळतं म्हणं तुमाला. या, दोरी धरा." मी मुकाट धरली. दुसऱ्या खांबावरची एक रेघ त्यांनी मलाच मारायला लावली. ती सापासारखी गेली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

परवा त्या खांबांपाशी जाऊन उभा राहिलो. त्यांच्या हातचा शेवटचा गिलावा, रेघा कशा सुतात. दुसऱ्या खांबावर मात्र एक सापासारखी. पण माझी रेघ तर पहिल्याच पावसात गिलाव्याबरोबर उतरली असणार... ही चाचांची होती. इतकी वर्षं, दर हिवाळ्यात, ते ती नेमकी तशीच वाकडी मारत आले होते.