बांगड्यांच्या तालावर निघालेलं छप्पर

ज्या अठरा माणसांना समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, त्यांना मी हाताच्या खुणा करून वाट दाखवली होती.

हे मी स्वतःहून कबूल करते, कारण गोष्ट आता नातवंडांपर्यंत पोचलीच आहे आणि आमचे हे ती सांगताना दर वेळी दोन-चार माणसं वाढवतात. अठराच होती. भाकरी मी थापल्या होत्या, मला माहीत!

त्या वर्षी मंठ्याजवळच्या आमच्या गावात दोघा भावांची वाटणी झाली. पंचांनी अशी काही अक्कल लढवली की गुरांचं छप्पर आमच्या वाट्याला आलं, आणि छप्पर ज्या जमिनीवर उभं होतं ती गेली माझ्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे भाऊजींच्या वाट्याला. भाऊजी पंचांसमोर म्हणाले, "पाडव्याच्या आत उचललं तर त्यांचं. न्हाई तर माझ्या वावरात जे बसलंय ते माझं." पंचांनी माना डोलावल्या. (चहा भाऊजींच्या घरचा होता.)

आमच्याकडे बैलजोडी होती, गाभण गाय होती आणि पुढे अख्खा उन्हाळा होता. नवं छप्पर घालायची ऐपत बिलकुल नव्हती. हे सगळं ठाऊक असून आमच्या यांनी छप्पर हलवायचा दिवस कोणता धरला? पाडव्याच्या आदला! तोही दुपारून!

आमच्याकडे छप्पर मोडत नाहीत, चालवत नेतात. जुन्या खांबांवरून ते सोडवायचं, गावची माणसं खाली शिरून खांदे लावतात, आणि पाचटाचं अख्खं छप्पर उचलून नव्या खांबांवर नेऊन ठेवतात. मजुरी कुणी घेत नाही, फक्त जेवू घालायचं. अडचण एकच. छपराच्या कडा कमरेपर्यंत लोंबतात, त्यामुळे खालच्या माणसाला दिसतात ते फक्त स्वतःचे पाय. म्हणून एक जण पुढे चालत वाट सांगतो.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, मला म्हणाल्या होत्या, "आधी उचलू दे, मंग वाढ."

पण माझी नवी चूल, मी नवी मालकीण! मी आधी वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, वर ठेचा, आणि "घ्या की अजून एक" असा आग्रह. छपराखाली शिरताना अर्धी माणसं ढेकर देत होती आणि उरलेली जांभया. एक तर तिथेच लिंबाखाली आडवा झाला आणि घोरायला लागला. माणूस कमी पडला, म्हणून वाट सांगणारा नामदेवच खांदा द्यायला आत शिरला.

हे छपराखालून ओरडले, "तू चाल म्होरं! सरळ, डावीकडं, उजवीकडं, एवढंच तं सांगायचंय. त्यात काय अवघड हाय?"

अवघड काय ते बांधावर बसलं होतं. भाऊजी! तंबाखू मळत, आमची फजिती बघायला सवड काढून आलेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत मी भाऊजींसमोर एक शब्द उच्चारला नव्हता. तेही माझ्याशी बोलायचे नाहीत; काही लागलं तर भिंतीला सांगायचे. थोरल्या दिरासमोर आवाज काढायचा म्हणजे माहेरचा उद्धार ठरलेला. मी नाकापर्यंत पदर ओढला, छपरापुढे जाऊन उभी राहिले आणि हाताने छान खूण केली : सरळ या.

छप्पर जागचं हलेना.

"अवं, सांगा की!" आतून नामदेव.

मी आणखी मोठी खूण केली. दोन्ही हातांनी.

"ही मेली का काय?" आतून हे.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. तेव्हा मला (माझ्या मते) फार मोठी अक्कल सुचली. मी वाकून छपराच्या कडेतून यांच्या कानात कुजबुजले, आणि यांनी आत जाहीर केलं, "ऐका रं! सरळ चालत राह्यचं. बांगड्या एकदा वाजल्या तं उजवीकडं, दोनदा वाजल्या तं डावीकडं!"

"अन् थांबायचं कवा?" नामदेवने विचारलं.

त्याचा विचार मी केलाच नव्हता.

पाडव्यासाठी मी दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. वाट सोपी होती : बांधाबांधाने सरळ आणि विहिरीपाशी डावीकडे, की आमचं वावर. छप्पर निघालं. पाचटाखाली छत्तीस पाय! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

तेवढ्यात वारं सुटलं. पदर उडाला. समोर भाऊजी! मी झटकन पदर ओढला. खळ्ळ!

छप्पर उजवीकडे वळलं.

उजवीकडे सडक होती. मंठ्याहून येणारी काळी-पिवळी जीप करकचून थांबली. टपावर बसलेले लोक खाली उतरून बघू लागले. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ओ बाई, हे घर कुकडं जाऊन राह्यलं?"

मी काय सांगणार? मी पदर ओढला. खळ्ळ! छप्पर आणखी उजवीकडे, थेट जीपच्या तोंडावर.

"अवं, आत बिलकुल जागा न्हाई!" ड्रायव्हर ओरडला. "टपावर बी न्हाई!"

मी घाबरून दोनदा वाजवल्या. छप्पर डावीकडे वळलं, सडकेवरून उतरलं, देव पावला म्हणायची वेळ आली, आणि मी घाम पुसला. घाम पुसायला हात वर करावा लागतो. हात वर केला की बांगड्या खाली घसरतात. खळ्ळ, खळ्ळ!

आणखी डावीकडे! डावीकडे भाऊजींचे कांद्याचे वाफे होते.

"आरं माझे कांदे! आरं सुदामा! आरं थांब!" भाऊजी बांधावरून उठले. आडवे होऊन उभे राहिले. सुदामा म्हणजे आमचे हे. आत यांना वाटलं, भाऊ टोमणे मारतोय. म्हणून यांनी सगळ्यांना आणखी जोर लावायला सांगितलं. भाऊजी मागे सरकले, वाफ्याच्या वरंब्याला अडखळले आणि बसकण मारून पडले. छप्पर आलं आणि त्यांना गिळून गेलं.

आतून आवाज आले.

"पायात कोण हाय रं?"

"म्या हाय!"

"कोण म्या?"

"वावराचा मालक!"

"आता दम न्हाई राह्यला," नामदेव म्हणाला. "टेकवा रं इथंच!"

टेकवा? टेकवलं तर भाऊजी चेंगरणार. आणि भाऊजी वाचले तर छप्पर त्यांचं, कारण ते बसलं असतं त्यांच्याच वावरात! माझी गाय उन्हात!

सहा वर्षं मिटलेलं तोंड उघडलं.

"टेकवू नका! खबरदार कुणी टेकवलं तं! भाऊजी आत हायेत! नामदेव, भाकरी खाताना दम व्हता, आता काहून न्हाई? उचला! ओ भाऊजी, बसलात काय? उठा, खांदा लावा! तुमच्या बाजूला लटकून राह्यलंय!"

आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्या रडत होत्या की हसत होत्या ते आजवर कळलेलं नाही. आणि छप्पर वर उचललं गेलं. पहिल्यापेक्षा सरळ! कारण लोंबणाऱ्या कोपऱ्याखाली आता भाऊजी होते, सहा फूट उंच, अडकलेले, आणि खांदा काढला तर डोक्यावर पडणार अशा अवस्थेत.

मग मी थांबलेच नाही. "डावीकडं! बराबर! जल्दी चला, ऊन उतरायलं! विहीर हाय, विहीर! भाऊजी, पाय उचलून टाका!" जीपमधली माणसं टाळ्या वाजवत होती. दिवस मावळायच्या आत छप्पर आमच्या वावरात, आमच्या खांबांवर बसलं. माझ्या थोरल्या दिरांनी स्वतःच्या खांद्यावर आणून दिलं!

तरी माझं तोंड सुरूच होतं. पाचट कसं बांधा, दोर कसा आवळा, चहाला कोण कोण आहे. भाऊजी डोक्यातलं पाचट काढत तसेच उभे होते. मी मनातून टरकले होते. तुडवलेल्या कांद्यांचं आता काय ऐकावं लागणार? ते हळूच माझ्यासमोर आले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, भिंतीला नाही, मला म्हणाले :

"धाकले, माझ्या वावरात आल्तं ते छप्पर म्या ठिवूनच घेणार व्हतो. पण मंग त्याच्या मागं मागं तू बी बोलत आली असतीस, म्हणून सोडलं."