तह झाल्यावर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काय लपतं? हे लपलं.

साउथहॅम्प्टनच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. माझा आवडता धडा प्रायव्हटीअर्सचा. लढाई चालू असेतोवर राजा या खलाशांना परवाना द्यायचा — शत्रूची जहाजं लुटा, आम्हालाही वाटा द्या. तह झाला की परवाना रद्द. नौदलातूनही हजारोंना नारळ मिळालेला, बंदरात काम नाही, हाताला सवय एकच. मग तीच माणसं, तीच जहाजं, तेच काम — पण आता ते चाचे, आणि चाच्याला फाशी.

तुम्ही म्हणाल, मास्तर, मुद्द्यावर या. येतो. जीभ रेटत नाही, म्हणून फेऱ्या मारतोय.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या आमच्या मराठी मंडळात जुंपली. गणपती तिथीला बसवायचा की सोयीच्या शनिवारी? हसू नका — यावरून माणसांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं होतं. मी अध्यक्ष, तिथीवाला. शनिवारवाल्यांचे पुढारी एक डॉक्टर. मी पडलो सभ्य माणूस, मी कसा तोंड वाजवणार? म्हणून सुहासला पुढे केलं. बंदरावर इंजिनिअर, जिभेला धार, आणि माझ्यावर जीव. "तू बोल, मी आहे मागे," असं मी त्याला माझ्या गाडीत बसून सांगितलं. डॉक्टरांच्या घरी गणपतीतसुद्धा मटण शिजतं, ही थाप माझीच. सुहासला ती खरी वाटली. त्याने ती फोनवरून घरोघर पोचवली.

मग समेट झाला. पूजा तिथीला, कार्यक्रम शनिवारी. सगळं गोड झालं — फक्त डॉक्टरांनी कमिटीत विचारलं, "सुहासला हे बोलायला सांगितलं कोणी?" सुहास तिथे नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "त्याला असले उद्योग करायची सवयच आहे. काढून टाका."

हो — मीच. त्याची मुलगी त्या शनिवारी लेझीममध्ये पहिल्या रांगेत असणार होती. आईने तिला घरीच ठेवलं. लोकांनी त्यांना हळदीकुंकवालासुद्धा बोलावणं बंद केलं. वर्षभरात ते नॉटिंगहॅमला निघून गेले. निघताना मी त्याला म्हणालो, "खूप भांडलो रे तुझ्यासाठी." हे कशाला बोललो? कोणी विचारलं होतं?

आणि तो धडा? तो मी दर वर्षी शिकवत राहिलो, राजावर ताशेरे ओढत. आवाज एकदाही अडखळला नाही.

नव्वदच्या दशकात त्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. गेलो. सुहास मला हाताला धरून जावयाकडे घेऊन गेला. "हे आमचे सर. सगळी कमिटी अगेन्स्ट होती ना, तेव्हा हे एकटे माझ्यासाठी उभे राहिले." डोळे भरून आले होते त्याचे.

जावई आणि ती मुलगी, दोघंही वाकून माझ्या पाया पडली.

मी आशीर्वाद दिला.