चिमूटभर मीठ

आज ताट वाढून घेतलं आणि लिंबाच्या फोडीशेजारी चिमूटभर मीठ वाढलं. कितीतरी वर्षांनी. जेवण सोडून त्या मिठाकडेच बघत बसले.

माझ्या मानेत एक गाठ आहे. ती रक्तात असं काही सोडते, की बसल्याजागी छाती धडधडते आणि बीपी भलतंच चढतं. ऑपरेशनआधी ते गोळ्यांनी आवरायचं आहे. पण या गोळ्यांमुळे उठताना बीपी एकदम उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी भरपूर प्या, मीठ जरा जास्तच खा. आणि उठताना कुणाचा तरी हात धरा."

बीपीला मीठ जास्त! मला हसूच आलं. नवऱ्याला बीपी निघालं तेव्हापासून आमच्या ताटात मीठ नव्हतं, आमटीसुद्धा अळणी. जेवताना ते हळूच मिठाच्या बरणीकडे हात न्यायचे आणि मी मान वर न करता म्हणायचे, "अहो, नको." हात मुकाट्याने मागे यायचा. ते गेले, तरी माझा स्वयंपाक अळणीच राहिला.

नको म्हणणारं माणूस आपल्याला अडवतंय असं वाटतं. खरं तर ते आपल्या ताटाकडे बघत असतं.

मी मीठ चिमटीत घेतलं आणि हात मध्येच थांबला. कुणी "नको" म्हणतंय का, जरा वेळ वाट पाहिली. मग खाल्लं, आणि टेबलाची कड धरून सावकाश उठले.