तीन ओळींवरची लाल रेघ

"आहे"च्या जागी "शे" हा शब्द वहीत दिसला की माझं डोकं फिरायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सोनगीरजवळच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, आणि पोरांच्या वह्यांतून अहिराणी उपटून काढायची म्हणूनच मला पगार मिळतो, अशी माझी समजूत होती. एरंडोलला माझी आई जन्मभर "शे"च बोलत आली, हे मात्र मी शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं.

एकदा सातवीला 'माझा आनंद' हा निबंध दिला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तीनच ओळी लिहिल्या : "माय वांगं भाजस. मी जोडे बठस. बठ्ठी मजा तठेच शे." आई भरताचं वांगं भाजते, मी जवळ बसते, सगळी मजा तिथंच आहे. एवढंच. वाचताना मला आमच्या चुलीतल्या कपाशीच्या जळत्या पऱ्हाट्यांचा वास आला. तरी मी तिन्ही ओळींवर लाल रेघ मारली आणि वही तिच्यापुढे टाकली. "शुद्ध मराठीत लिहून आण."

दुसऱ्या दिवशी तिनं पानभर निबंध आणला. गाईडमधून उतरवलेला, एकही चूक नाही. "समुद्रकिनारी मावळता सूर्य पाहताना माझे मन आनंदाने भरून येते."

मी खाली 'उत्तम' लिहिलं आणि सही केली.

समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता.